लंडनमध्ये नोकरी आहे, तरी पगार पुरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये ताशी दरावर काम करणाऱ्यांसाठी, इथे येऊन काम करायच्या विचारात असलेल्यांसाठी आणि ‘पौंडात कमावतात, मग अडचण कसली?’ असा प्रश्न पडणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. दर आणि नियम इंग्लंडचे आहेत. आकडे एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षाचे आहेत. जिथे वर्ष वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

पूर्ण वेळ नोकरी असताना माणूस गरीब कसा असू शकतो?

असतो, आणि लंडनमध्ये असे लोक अपवाद नाहीत. घरभाडं वजा केल्यावर उरणाऱ्या उत्पन्नाने मोजलं, तर लंडनमधला साधारण दर चौथा माणूस गरिबीत आहे. यातल्या बहुसंख्य लोकांच्या घरात निदान एक माणूस नोकरीला जातो. म्हणजे काम मिळत नाही, ही यांची अडचण नाही. काम आहे, शिफ्टा आहेत, रात्रपाळ्याही आहेत. ताशी दर आणि घरभाडं यांचा मेळ बसत नाही, हे खरं दुखणं आहे. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून याच एका गोष्टीपाशी येतात.

‘गरीब’ कुणाला म्हणायचं, हे कसं ठरवतात?

देशातल्या सगळ्या घरांचं उत्पन्न ओळीने मांडलं की मधोमध येतं ते मध्यक उत्पन्न. त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न असलेलं घर गरीब धरलं जातं. घरात माणसं किती, हेही हिशेबात घेतात. हा आकडा घरभाड्याआधी काढता येतो, तसाच घरभाड्यानंतरही. लंडनच्या बाबतीत नंतरचाच आकडा पाहावा. भाड्याआधी हे शहर श्रीमंत दिसतं, भाडं गेल्यावर चित्र पालटतं. कॅनरी वार्फचे बँकांचे मनोरे टॉवर हॅम्लेट्स या बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या स्थानिक कारभाराच्या एका विभागात, उभे आहेत, आणि भाडं वजा करून मोजलं तर देशात सर्वाधिक बालदारिद्र्य असलेल्या भागांत त्याच बरोचं नाव असतं.

किमान वेतन किती? लंडन एवढं महाग, मग इथला दर वेगळा का नाही?

२१ वर्षं आणि त्यावरील कामगारांना ताशी १२.७१ पौंड, १८ ते २० वयाला १०.८५, आणि १८ वर्षांखालच्यांना व १९ वर्षांखालच्या किंवा पहिल्या वर्षातल्या शिकाऊ उमेदवारांना ८ पौंड.

हा दर संपूर्ण युनायटेड किंगडमला एकच आहे. किमान वेतनाचा कायदा १९९८ चा. तो १ एप्रिल १९९९ पासून ताशी ३.६० पौंडांनी सुरू झाला आणि तेव्हापासून त्यात लंडनसाठी वेगळी पायरी नाही. सरकार मात्र आपल्याच नोकरांसाठी लंडनची महागाई मान्य करतं. एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, बहुतेक कर्मचाऱ्यांना आतल्या लंडनसाठी मूळ पगारावर २० टक्के आणि बाहेरच्या लंडनसाठी १५ टक्के भत्ता असतो. नर्सला हा भत्ता मिळतो, पण तोच वॉर्ड पुसणारा सफाई कामगार खाजगी कंत्राटदाराकडून येत असेल तर त्या कंत्राटदारावर कुठलाही कायदा हा भत्ता देण्याची सक्ती करत नाही. मला हे उघडउघड अन्यायाचं वाटतं.

‘नॅशनल लिव्हिंग वेज’ आणि ‘लंडन लिव्हिंग वेज’ एकच का?

नाही. या दोन नावांनी पुष्कळांची फसगत होते.

‘नॅशनल लिव्हिंग वेज’ म्हणजे वर दिलेलं १२.७१ पौंडांचं कायदेशीर किमान वेतन. २०१६ मध्ये सरकारने त्याला हे नाव दिलं. देशातल्या मध्यक ताशी कमाईच्या दोनतृतीयांशाच्या आसपास तो ठेवायचा, असं धोरण आहे. जगायला किती लागतं, हा हिशेब त्याच्या मुळाशी नाही.

‘लंडन लिव्हिंग वेज’ हा ऐच्छिक दर. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो १४.८० पौंड जाहीर झाला आणि नोंदणीकृत मालकांनी तो १ मे २०२६ पर्यंत लागू करायचा होता. लंडनबाहेरचा दर १३.४५ आहे. घर, अन्न, प्रवास, मुलांचा सांभाळ यांचा प्रत्यक्ष खर्च धरून तो काढतात. ही चळवळ २००१ मध्ये पूर्व लंडनमध्ये सुरू झाली. दोन-दोन किमान वेतनाच्या नोकऱ्या कराव्या लागल्याने मुलांसाठी वेळ उरत नाही, असं म्हणणारे आईबाप आणि तिथल्या चर्च-मशिदी-शाळांची संघटना यांनी ती उभी केली. २००३ मध्ये एचएसबीसीच्या वार्षिक सभेत बँकेच्या कॅनरी वार्फमधल्या कार्यालयात रात्री सफाई करणारा एक कामगार उभा राहिला आणि त्याने थेट अध्यक्षांपुढे आपल्या पगाराचा प्रश्न मांडला. २००५ पासून महापौरांच्या कार्यालयाने हा दर काढून जाहीर करायला सुरुवात केली.

दोन्ही दरांतला फरक ताशी २.०९ पौंड. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाला चार हजार पौंडांहून जास्त. म्हणून मुलाखतीत ‘आम्ही लिव्हिंग वेज देतो’ असं ऐकलंत तर शांतपणे विचारा, कुठला?

१२.७१ दराने हातात किती येतात?

साडेसदतीस तासांच्या आठवड्याने वर्षाचे २४,७८४ पौंड होतात. प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) जाऊन महिन्याला साधारण १,७८० उरतात. पेन्शनची कपात असेल तर आणखी कमी.

आता खर्च. ओएनएस या सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीत २०२५ मध्ये लंडनचं सरासरी खाजगी घरभाडं महिन्याला २,२०० पौंडांच्या वर होतं. म्हणजे किमान वेतनावरच्या एका माणसाचा अख्खा पगार दिला तरी सरासरी घर परवडत नाही. मग उरते शेअरिंगमधली एक खोली. तिलाही नऊशे-हजार लागतात. मध्य लंडनमध्ये काम आणि तिसऱ्या झोनमध्ये (भाड्याचे झोन मध्यापासून बाहेर मोजतात) बिऱ्हाड असेल तर ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, मासिक पास दोनशेच्या आसपास. राहिलेल्या पाच-सहाशेत जेवणखाण, फोन, कपडे, गावी पाठवायचे पैसे आणि अडीअडचण. एकट्या माणसाचं यात कसंबसं भागतं. पदरी मूल असेल तर भागत नाही.

घरच्यांसाठी एक विनंती: पगाराला रुपयाच्या दराने गुणू नका. पौंडात मिळालेला पैसा पौंडातच खर्च होतो.

बस स्वस्त आहे म्हणतात. मग ट्यूब कशाला?

बसचं एकेरी भाडं २०२३ मध्ये १.७५ पौंड झालं, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे पडत नाहीत. म्हणून कमी पगाराचं लंडन बसने फिरतं. पहाटे चारच्या नाइट बसमध्ये वरच्या मजल्यावर लोक काचेला डोकं टेकून झोपलेले दिसतात. बहुतेक सफाईवाले, हॉटेलच्या किचनमधले, सिक्युरिटीतले. सात-आठला साहेबलोक यायच्या आत कार्यालय लख्ख हवं, म्हणून हे तीनला उठतात. ट्यूबने चाळीस मिनिटांचा रस्ता बसने दीड तासाचा होतो. हा वेळ पगारात धरला जात नाही आणि गरिबीच्या आकड्यातही दिसत नाही.

काउन्सिलचं घर का मिळत नाही?

कारण घरंच उरलेली नाहीत. १९८० च्या कायद्याने काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंना आपलं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. लाखो घरं विकली गेली आणि तेवढी पुन्हा बांधली गेली नाहीत. आज लंडनच्या प्रतीक्षायाद्यांवर तीन लाखांहून जास्त कुटुंबं आहेत. १ लाख ८० हजारांहून जास्त लंडनवासी काउन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात. पुष्कळदा ती एक खोली असते आणि स्वयंपाकघर सामाईक. यांतले कित्येक जण सकाळी उठून कामाला जातात.

खाजगी भाडेकरूंच्या बाजूने थोडं झालं आहे. १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करायला लावणारी ‘सेक्शन २१’ची नोटीस बंद झाली. जाहिरातीतल्या भाड्यावर बोली लावून घेणं आणि एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागणं, यांवरही बंदी आली. नव्याने आलेल्या, इथला कामाचा इतिहास नसलेल्या माणसाकडे सहा-सहा महिन्यांचं भाडं एकदम मागायचे. त्याला यापुढे ठाम नकार देता येतो.

मोठ्या बँकेत, विद्यापीठात, इस्पितळात काम करूनही पगार एवढा कमी कसा?

कारण तुम्ही कामाला जाता त्या इमारतीवरचं नाव आणि तुमच्या पेस्लिपवरचं नाव वेगळं असतं. सफाई, सुरक्षा, कँटीन ही कामं कंत्राटाने दिलेली असतात. दर काही वर्षांनी निविदा निघते. फडकं, मशीन, साबण यांचा खर्च सगळ्यांचा सारखाच, तेव्हा स्वस्तात कंत्राट मिळवायचं तर माणसांवरच्या खर्चाला कात्री लागते. दर किमान वेतनाला चिकटतो, तास कमी होतात आणि तेवढेच मजले कमी माणसांत उरकावे लागतात. ‘पगार आम्ही ठरवत नाही’ असं संस्था म्हणते. ‘संस्था पैसे वाढवून देत नाही’ असं कंत्राटदार म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात आणि जबाबदारी कुणाच्याच अंगावर पडत नाही.

हे बदलतं, हे लंडनच्याच कामगारांनी दाखवून दिलं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ लंडनच्या सेनेट हाउसमधल्या सफाई कामगारांनी, त्यात लॅटिन अमेरिकेतून आलेले बरेच, ‘त्रेस कोसास’ म्हणजे ‘तीन गोष्टी’ या नावाने मोहीम चालवली. आजारपणाचा पगार, रजा आणि पेन्शन या त्या तीन गोष्टी. त्याच विद्यापीठाचे थेट नोकर आणि आपण यांत या तिन्हींबाबत फरक का, एवढाच त्यांचा सवाल होता. ही मोहीम पुढे आयडब्ल्यूजीबी या २०१२ मध्ये निघालेल्या छोट्या पण चिवट युनियनने लढवली. २०१८ मध्ये एलएसई आणि एसओएएस या लंडनमधल्या उच्चशिक्षण संस्थांनी आणि २०२० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ लंडनने आपले सफाई कामगार थेट नोकरीत घेतले. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या, पहाटेच्या शिफ्टमधल्या माणसांनी हे मिळवलं. युनियनची वर्गणी म्हणजे पाण्यात पैसा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही उदाहरणं जरूर पाहावीत.

जास्त तास केले तर परिस्थिती सुधारेल ना?

एकटे असाल आणि सरकारी मदत घेत नसाल, तर हो. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मासिक मदत, घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो समजून न घेता ‘हे लोक जास्त काम का करत नाहीत’ असं कुणी म्हणू नये.

किमान वेतनाचा एक जादा तास म्हणजे १२.७१ पौंड. त्यातून २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स गेला की ९.१५ राहतात. हातात आलेल्या प्रत्येक पौंडामागे युनिव्हर्सल क्रेडिट ५५ पेन्सने कमी होतं. उरले ४.१२. त्या जादा कामासाठी वेगळी फेरी मारावी लागली तर १.७५ च्या भाड्याने येण्याजाण्याच्या बसलाच ३.५० लागतात. मुलाला सांभाळायला कुणाला ठेवलं तर त्याचे वेगळे. मुलं असतील किंवा आजारामुळे कामाची क्षमता कमी असेल तर सुरुवातीच्या काही कमाईवर ही कपात होत नाही, पण पूर्ण वेळ काम करणारा ती मर्यादा केव्हाच ओलांडतो.

दुसरं दुखणं तारखांचं. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याच्या हिशेबाने चालतं. सफाई, रिटेल, सुरक्षा या धंद्यांत मात्र पुष्कळांना दर चार आठवड्यांनी पगार होतो. म्हणजे वर्षाला १३ पगार. मग एका महिन्याच्या हिशेबात दोन पगार पडतात, संगणकाला कमाई दुप्पट दिसते आणि पुढच्या महिन्याची रक्कम एकदम घसरते, कधी शून्यही होते. भाड्याची तारीख मात्र तीच असते. तुमचा पगार चार आठवड्यांचा असेल तर तो महिना कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा आणि घरमालकाशी आधी बोला. क्रेडिट पूर्ण बंद झालं तर नवा दावा लगेच करा.

बेनिफिट कॅप म्हणजे काय?

एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण मदतीवरची वरची मर्यादा. २०२३ पासून लंडनमध्ये ती कुटुंबासाठी वर्षाला २५,३२३ पौंड आहे. साधारण आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकी कमाई असेल तर ती लागत नाही. धोका कुठे आहे ते नीट पाहा: झिरो अवर्स करारावर (ठरावीक तासांची हमी नसलेल्या) असाल आणि मॅनेजरने रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, १८ तासांवरून १२ वर आणला, तर पगार कमी होतोच, वर काही काळाने ही मर्यादाही लागू होऊ शकते. घरभाड्यासाठी मिळणारी रक्कमही एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या पातळीवरच गोठलेली आहे. भाडी थांबलेली नाहीत.

मी व्हिसावर आहे. यातलं मला काय लागू?

किमान वेतन, पगारी रजा, पेस्लिप हे हक्क व्हिसा बघत नाहीत. सरकारी मदत मात्र बघते. बहुतेक तात्पुरत्या व्हिसांवर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट त्यात येतं. अर्ज करून पाहू, असं करू नका, व्हिसा अडचणीत येतो. लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळेतलं दुपारचं जेवण मात्र सप्टेंबर २०२३ पासून सगळ्याच मुलांना मोफत आहे. ते निःसंकोच घ्या.

पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. इथेच सापळा लागतो. ‘२० तास बँकेत टाकतो, वरचे रोख देतो, ताशी सात-आठ पौंड’ असं सांगणारा मालक पुष्कळदा आपल्याच देशातला, आपल्याच बोलीत गोड बोलणारा निघतो. त्याला ठाऊक असतं की तुम्ही तक्रार केलीत तर वरच्या तासांबद्दल तुम्हीच अडकाल. गावाकडे कर्ज काढून आलेल्या पोराला तो हेरतो. असं काही झालं असेल तर घाबरून गप्प बसू नका, पण तक्रारीआधी व्हिसा जाणणाऱ्या मोफत कायदा केंद्राचा सल्ला घ्या.

मी केअरर आहे, घरोघरी जाऊन वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल हे माझं काम. दर १३ पौंड आहे, तरी महिनाअखेर पैसे कमी का भरतात?

दर बघू नका, तास मोजा. समजा तुम्ही सकाळी सातला पहिल्या आजींच्या दारात असता आणि चारला शेवटच्या घरातून निघता. अॅपमध्ये प्रत्येक घरातले मिनिट तेवढे नोंदले जातात. कुठे १५, कुठे ३०. बेरीज सहा तास, म्हणजे ७८ पौंड. पण एका घरातून दुसऱ्या घरी जायला दिवसभरात दीड तास गेला. तो कायद्याने कामाचाच वेळ आहे. ७८ ला साडेसातने भागा: १०.४० पौंड. पूर्ण पगारकाळाची सरासरी अशीच आली तर हे किमान वेतनाखाली आहे, म्हणजे बेकायदा. घरापासून पहिल्या भेटीपर्यंतचा आणि शेवटच्या भेटीनंतरचा प्रवास यात धरत नाहीत. मधली लांब मोकळी सुट्टीही धरत नाहीत. सक्तीच्या प्रशिक्षणाचे तास धरतात. स्वतःच्या पैशाने घ्यायला लावलेला गणवेशही हिशेबात येतो.

म्हणून एक साधी वही ठेवा. घरात शिरल्याची वेळ, निघाल्याची वेळ, पोस्टकोड. पेशंटचं नाव लिहू नका. महिनाभराची अशी वही आणि पेस्लिप शेजारी ठेवली की मालकाशी बोलताना आवाज आपोआप स्थिर होतो.

दोन नोकऱ्या आहेत. दुसऱ्या पगारातून एवढा कर का कापला जातो?

दुसऱ्या पेस्लिपवर ‘बीआर’ हा कोड असेल. म्हणजे तिथल्या पहिल्या पौंडापासून २० टक्के कर. पहिल्या नोकरीवर १२५७एल कोडने तुमची १२,५७० पौंडांची करमुक्त रक्कम पुरती वापरली जात असेल, तर हे बरोबर आहे. पण पहिली नोकरी वर्षाला आठ-नऊ हजारांचीच असेल तर तुम्ही नाहक कर भरताय. एचएमआरसीला, म्हणजे इथल्या करखात्याला, कळवून ती रक्कम दोन्हींत वाटून घेता येते आणि जास्त गेलेला कर परत मिळतो.

पेन्शनचंही बघा. एका मालकाकडे वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त पगार असेल तरच तो तुम्हाला आपोआप पेन्शन योजनेत घालतो. नऊ-नऊ हजारांच्या दोन नोकऱ्या असतील तर दोघांपैकी कुणीच घालत नाही. मागितलंत तर घालावं लागतं, आणि कमाई ६,२४० च्या वर असेल तर मालकाचा वाटाही भरावा लागतो. तेव्हा मागा.

टिप पगारात धरतात का?

नाही. किमान वेतन टिपशिवाय पूर्ण व्हायला हवं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप व सर्व्हिस चार्ज मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही.

आजारी पडलो तर?

एप्रिल २०२६ पर्यंत पहिले तीन दिवस कायदेशीर आजारपगार मिळत नव्हता, आणि अगदी कमी कमाई असणाऱ्यांना तो मुळीच नव्हता. आता पहिल्या दिवसापासून मिळतो आणि कमाईची अट गेली. रक्कम अजूनही तुटपुंजी आहे.

एवढं आहे तर लोक लंडन सोडून का जात नाहीत?

जातात की. पण ज्याचं काम पहाटे पाचला मध्य लंडनमध्ये सुरू होतं, त्याला स्वस्त गावातून वेळेवर पोचवणारी गाडी नसते. असली तरी तिचं तिकीट भाड्यातली बचत खाऊन टाकतं. मुलांची शाळा, आजारी पडल्यावर डबा आणून देणारी शेजारीण, आपल्या भाषेतली चार माणसं, जिच्या ओळखीने काम मिळालं ती मैत्रीण हे सगळं इथे असतं. गरीब माणसाचा विमा म्हणजे हीच माणसं. त्यांना सोडून जा, असा सल्ला मी कुणाला देत नाही. शिवाय शहराला हे कामगार हवेतच. मग त्यांना शहरात राहता येईल असा पगार द्यायला नको का?

पैसे कमी दिले गेलेत. कुठे जाऊ आणि किती दिवसांत?

आधी मालकाला लेखी विचारा. ईमेल किंवा मेसेज चालेल, स्क्रीनशॉट ठेवा. दाद मिळाली नाही तर एकास या कामगार-मालक वादांत सल्ला आणि समेट करणाऱ्या सरकारी संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करा. सल्ला मोफत आहे आणि दुभाषाही मिळतो. किमान वेतनाची तक्रार नाव गुप्त ठेवूनही करता येते. आजवर तपास एचएमआरसी करत आली. एप्रिल २०२६ पासून यासाठी फेअर वर्क एजन्सी ही नवी यंत्रणाही आली आहे. थकबाकी सहा वर्षं मागपर्यंत काढता येते आणि मालकाला थकबाकीच्या दुपटीपर्यंत दंड होतो.

ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या वादांच्या न्यायाधिकरणात, जायचं असेल तर मुदत फार थोडी: शेवटच्या कमी पगारापासून तीन महिने उणे एक दिवस. ती सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात झाली आहे, पण तुम्ही तीनच धरून चाला. ट्रायब्युनलच्या अर्जाआधी एकासकडे समेटाची नोंद करणं सक्तीचं आहे, आणि ती नोंद याच मुदतीच्या आत व्हायला हवी. ‘पुढच्या पगारात सगळं टाकतो’ हे वाक्य मालक दुसऱ्यांदा म्हणाला, की त्याच दिवशी ती नोंद करा.